रूल फाइव्ह ड्राफ्ट समजून घ्यायचाय? मग बेसबॉल रेफरन्सचं पान तळापर्यंत स्क्रोल करा

बेसबॉल रेफरन्स ही साइट मी रोज उघडतो. २००० साली शॉन फोरमन नावाच्या गणितवाल्या माणसाने सुरू केली, अजूनही फुकट आहे (जाहिराती दिसतात, चालायचंच), आणि दीडशे वर्षांच्या बेसबॉलचा हिशोब तिथे पडलाय. अख्ख्या साइटचा रिव्ह्यू लिहायला बसलो तर वर्ष जाईल. म्हणून एकाच कोपऱ्याबद्दल सांगतो. प्रत्येक प्लेयरच्या पानावर आकड्यांचे तक्ते संपले की खाली ट्रान्झॅक्शन्स म्हणून भाग असतो, कधी कोणी घेतला, कोणी विकला, कोणी सोडला, तारखेसकट. बहुतेक लोक तिथपर्यंत जातच नाहीत. रूल फाइव्ह ड्राफ्ट (अमेरिकन बेसबॉलमध्ये एका क्लबने राखून न ठेवलेला पोरगा दुसऱ्या क्लबने उचलायची पद्धत) शिकायला मात्र याच्याइतकी भारी जागा दुसरी नाही असं माझं ठाम मत आहे.

आधी नियम, पटकन. आयपीएलमध्ये टीम रिटेन्शन लिस्ट देते ना, तसंच काहीसं. प्रत्येक क्लबची ४० जणांची यादी असते, बाकीची सगळी पोरं मायनर लीगमध्ये, म्हणजे मुख्य मेजर लीगच्या खालच्या लीगमध्ये (खालून वर पायऱ्या: रूकी, सिंगल-ए, डबल-ए, ट्रिपल-ए). वयाच्या १८ व्या वर्षी किंवा त्याआधी साइन केलेल्या पोराला साधारण पाच वर्षं, १९ किंवा पुढे साइन केलेल्याला चार, तेवढ्यात क्लबने त्याला ४० मध्ये घ्यायचं, नाही घेतलं तर डिसेंबरात दुसरा कोणीही त्याला एक लाख डॉलर देऊन उचलू शकतो. आधीच्या सीझनला सगळ्यात वाईट खेळलेल्या टीमचा नंबर पहिला, आणि ज्यांचे ४० आधीच भरलेत त्यांना घेताच येत नाही. आता खरी मेख. उचललेला पोरगा पुढचा पूर्ण सीझन मेजर लीगच्या २६ जणांच्या टीममध्ये ठेवावा लागतो, मायनरमध्ये पाठवायचा नाही. दुखापतीच्या यादीत टाकून वेळ मारून न्यायची सोय पण नाही, कारण निदान ९० दिवस तो ॲक्टिव्ह असावाच लागतो. ठेवायचा नसेल तर आधी बाकीच्या टीमना विचारायचं, कोणी नाही घेतला तर जुन्या क्लबला ५० हजारात परत देऊ करायचा.

म्हणजे टीम इथे सगळ्यात चांगला प्लेयर शोधत नाहीत, वर्षभर बेंचवर सांभाळता येईल असा शोधतात. म्हणून रिलीफ पिचर (मॅचच्या मधेच येऊन बॉल टाकणारे) भरपूर जातात, सात-आठ रनांनी हरत असताना दोन इनिंग टाकायला पाठवला तरी फार काही बिघडत नाही.

पिचर योहान सँटानाचं पान घ्या. तळाला १३ डिसेंबर १९९९ च्या दोन नोंदी आहेत, फ्लोरिडा मार्लिन्सने ह्यूस्टन ॲस्ट्रोसकडून ड्राफ्ट केला आणि त्याच दिवशी मिनेसोटा ट्विन्सला दिला. आधीच ठरलेलं होतं, पहिला नंबर ट्विन्सचा, त्यांनी मार्लिन्सना हवा असलेला जेअर्ड कॅम्प घेतला, दुसऱ्या नंबरवर मार्लिन्सने सँटाना घेतला आणि अदलाबदल झाली, वर ट्विन्सना पैसेही मिळाले. आता तिथून वर जा आणि २००० ची ओळ बघा. ३० मॅच, ८६ इनिंग, ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेले रन, कमी तेवढे चांगले) ६.४९. नुसता हा आकडा बघितला तर वाटेल हा टिकला कसा! पण हा पोरगा आदल्या वर्षी सिंगल-ए मध्ये होता, म्हणजे ट्रिपल-ए सोडा, डबल-ए पण न बघता थेट मेजर लीगमध्ये, आणि ट्विन्सने ते ६.४९ वर्षभर सहन केलं. पुढे २००२ मध्ये त्याला एडमंटनला ट्रिपल-ए त पाठवून चेंजअप (फसवा स्लो बॉल) घोटून घेतला, मायनर लीगच्या तक्त्यात ती एडमंटनची ओळ पण सापडते. २००४ ला साय यंग (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार), २००६ ला परत साय यंग. धीर धरला की काय मिळतं ते एका पानावर दिसतं.

उलटं पण होतं. २०१७ च्या सॅन डिएगो पाड्रेसने रूल फाइव्हमधले तीन जण वर्षभर ठेवले. त्यातला ॲलन कॉर्डोबा आधी रूकी लीगच्या वर खेळलाच नव्हता, त्या वर्षी बॅटिंग ॲव्हरेज .२०८ (म्हणजे हजार ॲट-बॅटमागे २०८ हिट, फारच कमी), कॅचर लुइस टॉरेन्सचं .१६३. पुढच्या वर्षी दोघं पुन्हा खाली, सिंगल-ए मध्ये. पोरांचं शिकायचं एक वर्ष बेंचवर गेलं याचं मला मनापासून वाईट वाटतं. ड्राफ्टच्या बातम्यांत हा भाग येतच नाही, पानावरच्या ओळींत मात्र सरळ दिसतो.

मी पिट्सबर्गला राहतो त्यामुळे माझं सगळ्यात जास्त वेळा उघडलेलं पान होसे बटिस्टाचं. डिसेंबर २००३ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या सहापैकी पाच जण आमच्या पायरेट्सचे गेले, पाच! इथले जुने फॅन्स आजही त्यावर तावातावाने बोलतात. त्या पाचातला एक बटिस्टा, ओरिओल्सने नेला. त्याच्या २००४ च्या तक्त्यात एकूणची एक ओळ आणि खाली चार टीमच्या चार ओळी आहेत, ओरिओल्स, डेव्हिल रेज, रॉयल्स आणि शेवटी परत पायरेट्स. सगळे मिळून ६४ मॅच, ८८ ॲट-बॅट (बॅटिंगच्या मोजलेल्या पाळ्या), ॲव्हरेज .२०५. पण गंमत तळाला आहे, ट्रान्झॅक्शन्समध्ये पाचवी टीम सापडते, न्यूयॉर्क मेट्स. ३० जुलैला मेट्सने त्याला रॉयल्सकडून घेतला आणि त्याच दिवशी पिचर क्रिस बेन्सनच्या ट्रेडमध्ये पायरेट्सना दिला. मेट्सकडून एकही मॅच नाही म्हणून वरच्या तक्त्यात त्यांचं नाव नाही. २३ वर्षांचा पोरगा, एका सीझनला पाच क्लब, आणि सहा वर्षांनी टोरोंटोकडून ५४ होमरन! या दोन्ही गोष्टी एकाच पानावर वाचताना दर वेळी अंगावर काटा येतो.

आणि रॉबर्टो क्लेमेंटे, पायरेट्सचा जुना महान प्लेयर. इथे पीएनसी पार्क या पायरेट्सच्या स्टेडियमची राइट फील्डची भिंत २१ फुटी आहे कारण त्याचा नंबर २१, बाजूच्या पुलाला त्याचं नाव. तो पायरेट्सकडे आला तो पण अशाच ड्राफ्टमधून, १९५४ चा नोव्हेंबर, फक्त ४,००० डॉलर. तेव्हा नियम वेगळा होता. ४,००० पेक्षा जास्त बोनस दिलेला पोरगा मायनरमध्ये ठेवला तर वर्षभरातच ड्राफ्टला उघडा पडायचा, आणि डॉजर्स या त्याच्या आधीच्या क्लबने त्याला १०,००० दिले होते. मायनर लीगच्या तक्त्यात मॉन्ट्रियलची (डॉजर्सची मायनर टीम) ओळ बघा, ८७ मॅच आणि ॲट-बॅट फक्त १४८. डॉजर्स त्याला लपवत होते की नाही यावर आजही वाद होतो, पण पायरेट्सचा स्काउट क्लाइड सुकफर्थ खरं तर एका पिचरला बघायला गेला होता आणि प्रॅक्टिसमधला क्लेमेंटेचा थ्रो बघून थांबला. हे शेवटचं पानावर मिळणार नाही. बेसबॉल रेफरन्स काय झालं ते सांगते, का झालं ते आपल्याला दुसरीकडे वाचावं लागतं, ही तिची मर्यादा.

साइट पूर्ण इंग्लिशमध्ये आहे, संक्षिप्त शब्द खूप, पण कॉलमच्या नावावर कर्सर नेला की अर्थ दिसतो, नवीन माणसाने तिथूनच सुरुवात करावी. स्टॅटहेड नावाची पैसेवाली सर्च सर्व्हिस वेगळी आहे, ड्राफ्ट समजून घ्यायला तिची गरज नाही.

ताजं उदाहरण हवं असेल तर शेन स्मिथ उघडा. कॉलेजनंतर मेन ड्राफ्टमध्ये (नवीन पोरं निवडायचा दरवर्षीचा ड्राफ्ट) कोणीच घेतला नाही, ब्रूअर्सने २०२१ ला तसाच साइन केला. २०२४ ला १२१ मॅच हरलेल्या व्हाइट सॉक्सने डिसेंबरात रूल फाइव्हच्या पहिल्या नंबरवर उचलला आणि २०२५ ला पठ्ठ्या ऑल-स्टार. आता डिसेंबरात नवीन नावं आली की आधी वय बघा, मग मायनर लीगच्या तक्त्यात कुठल्या लेव्हलपर्यंत पोचलाय ते बघा, आणि मे-जूनमध्ये परत एकदा तळाशी जाऊन तो अजून त्याच टीमकडे आहे का ते नक्की बघा.