एडेलच्या पायवाटा: एका निवृत्त तलाठ्याची स्थळपाहणी

बत्तीस वर्षं जुन्नर तालुक्यात तलाठी होतो. आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, म्हणजे पाटीला रंग जास्त लागतो एवढंच. त्यातले किती दिवस शेतरस्त्याच्या पंचनाम्यांत गेले ते विचारू नका. कुणी बांध कोरलेला, कुणी वाटेत बाभळीची काटेरी फांदी टाकलेली, कुणी सरळ नांगर घातलेला, आणि सही म्हटलं की पंच गायब. त्यामुळे मँचेस्टरला लेकीकडे गेलो आणि ती म्हणाली, "बाबा, रविवारी तुम्हाला लोकांच्या शेतांतून फिरवून आणते," तेव्हा माझ्या तोंडून पहिलं निघालं, "मालकाला विचारलंय का?"

विचारायचं नसतंच, असं कळलं. तेच बघायला तीन महिन्यांत चार वेळा गेलो.

गावाचं नाव एडेल. डर्बीशरमधल्या पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांत आहे. पीक डिस्ट्रिक्ट हे इंग्लंड-वेल्समधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १९५१ चं. मँचेस्टरहून रेल्वेने पाऊण तास लागतो आणि स्टेशनातून बाहेर पडलं की वाट सुरू. गाडी, पार्किंग काही भानगड नाही. गाव म्हणजे खरं तर पाच वाड्या. त्यांना ते 'बूथ' म्हणतात: अपर बूथ, बार्बर बूथ वगैरे. मुळात गुराख्यांची खोपटी होती तिथे. आमच्याकडे वाड्यांना नावं पडली तशीच.

वर चढलं की ओल्ड नॅग्ज हेड नावाचा दारूचा गुत्ता लागतो (लेक म्हणते पब म्हणा). तिथून पेनाइन वे सुरू होते. ही पायवाट थेट स्कॉटलंडच्या हद्दीत जाते, ४३१ किलोमीटर. आम्ही तिचे पहिले आठ चाललो.

सुरुवात कुरणांतून. मेंढ्या चरताहेत, मधोमध पायवाट, आणि बिनचुन्याच्या दगडी भिंती, कोकणातल्या गडग्यासारख्या. भिंत आली की एक तर दगडी पायऱ्या ठेवलेल्या, नाही तर फाटक. एका फाटकापाशी मी दहा मिनिटं थांबलो. अर्धगोल कठडा आणि त्यात झुलणारं एकच दार. माणूस आत शिरतो, दार आपल्यामागे ढकलतो आणि पलीकडे निघतो. कडी नाही, कुलूप नाही, उघडं राहायची सोय नाही. गाय त्यात वळू शकत नाही. याला 'किसिंग गेट' म्हणतात. हे लेकीने जरा इकडेतिकडे बघत सांगितलं. नाव काही का असेना, "लोक फाटक उघडं टाकतात, गुरं पिकात शिरतात, म्हणून रस्ता बंद केला" ही तक्रार मी शंभरदा तरी लिहून घेतली असेल. तिच्यावरचा इलाज इतका स्वस्त असतो हे मला साठी उलटल्यावर कळलं.

नकाशाबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. ऑर्डनन्स सर्व्हे या तिथल्या सरकारी नकाशा खात्याचा १:२५,००० चा नकाशा घ्या, 'ओएल वन, डार्क पीक'. सार्वजनिक पायवाट त्यावर हिरव्या तुटक रेषेने दाखवलेली असते. आपल्या गावनकाशातही पायमार्ग एकेरी तुटक रेषेनेच असतो की! फरक पुढे आहे. तिथे काउंटी कौन्सिलकडे (आपली जिल्हा परिषद म्हणा) १९४९ च्या कायद्याने केलेला नकाशा असतो आणि वाट त्यावर असली की तोच अंतिम पुरावा. शेतातून जाणारी वाट मालकाला नांगरता येते, पण पेरणीसाठी पहिल्यांदा मोडली तर चौदा दिवसांत निदान एक मीटर रुंद करून परत द्यायची. चौदा दिवस! आमच्याकडे अडवलेली वाट खुली करून मिळावी म्हणून मामलेदार कोर्ट कायद्याखाली अर्ज पडला की चौदा दिवसांत नोटीस पोचली तरी पेढे वाटावेत.

अपर बूथनंतर दरी अरुंद होते. ओढ्यावर घोड्यापुरता दगडी पूल आहे आणि त्यापुढे चढ, जेकब्ज लॅडर. अठराव्या शतकात जेकब मार्शल नावाचा माणूस इथून घोड्यांवर माल न्यायचा. घोडी वळणावळणाने चढायची आणि हा स्वतःसाठी खोदलेल्या पायऱ्यांनी सरळ वर जायचा. नाणेघाट उतरलेल्या माणसाला यात नवल नाही, पण गुडघे दोन्हीकडे सारखेच बोलतात. पायऱ्या हल्ली नीट बांधल्या आहेत. घाई करू नका.

वर किंडर स्काउटचं पठार, ६३६ मीटर. काळी, स्पंजासारखी पीटची माती, दलदलच म्हणा. धूप थांबावी म्हणून कित्येक ठिकाणी जुन्या कापडगिरण्यांच्या फरशा टाकल्यात. काही फरशांवर अजून यंत्रं बसवायची भोकं दिसतात. मी एका भोकात बोट घालून बघितलं, पाणी होतं.

कड्याने चालत किंडर डाउनफॉल या धबधब्यापाशी पोचलो आणि हसूच आलं. पश्चिमेचा वारा सुटला होता आणि धार खाली पडायच्या ऐवजी उलटी वर उडत होती. आजूबाजूचे लोक फोटो काढत होते. मी लेकीला म्हटलं, एवढ्यासाठी विमानाचं तिकीट काढायची गरज नव्हती, पावसाळ्यात नाणेघाटात फुकट दिसतं.

याच पठारावर जायला ९० वर्षांपूर्वी बंदी होती. ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी जमीनदारांनी राखलेलं रान. २४ एप्रिल १९३२ ला पलीकडच्या हेफील्ड गावाकडून कामगार पोरं शेकड्यांनी वर चढली. राखणदारांशी झटापट झाली. पाच जणांना तुरुंगवास झाला, तोही घुसखोरीसाठी नाही, दंगा-मारहाणीसाठी. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन तेव्हा विशीचा होता. पेनाइन वेचं उद्घाटन १९६५ साली झालं, तारीख तीच, २४ एप्रिल. मोकळ्या डोंगरावर वाट सोडूनही फिरायचा हक्क मात्र २००० च्या कायद्याने मिळाला. म्हणजे भांडण तिथेही झालंच. आमच्यासारखंच लांबलं, फक्त निकाल लागला.

दुसरा रस्ता दक्षिणेचा: होलिन्स क्रॉसच्या खिंडीत चढायचं आणि डोंगराच्या धारेने मॅम टॉर हा माथा गाठायचा, ५१७ मीटर. पहिल्यांदा जाणाऱ्याने हाच घ्यावा. एडेलात चर्च नव्हतं तोवर प्रेतं याच खिंडीतून पलीकडच्या खोऱ्यात न्यायचे. मॅम टॉरची पूर्वेची बाजू सतत सरकते. तिच्याखालून गेलेला मोठा रस्ता दुरुस्त करकरून शेवटी १९७९ मध्ये कायमचा बंद केला. तो जाऊन बघा. डांबराचे थरावर थर, मधली पांढरी रेघ एका जागी माणसाच्या उंचीने तुटलेली. मालीणच्या वेळी मी शेजारच्या तालुक्यातून मदतीला गेलो होतो. त्या रस्त्यावर फार वेळ उभा राहिलो नाही.

आता तक्रारी. खाली पाट्या भरपूर आहेत, पठारावर जवळजवळ नाहीत. तिसऱ्या खेपेला धुकं उतरलं आणि बत्तीस वर्षं नकाशे वाचलेला मी पाऊण तास एकाच ओहोळाभोवती फिरत होतो. लेकीने मोबाइल काढून वाट दाखवली. ती अजून सगळ्यांना सांगते. चिखलाला साधे स्पोर्ट शूज चालत नाहीत, घोट्यावर येणारे बूट घ्या. वासरं बरोबर असलेल्या गाईंच्या मधून जाऊ नका, कडेने जा. खायचं बरोबर असू द्या. एका कॅफेने आमच्या तोंडावर दार लावलं, चारला दहा कमी होते. मग धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी भिंतीच्या आडोशाला बसून खाल्ली. एक मेंढी शेवटपर्यंत हलली नाही. रविवारी परतीच्या गाडीला उभं राहावं लागतं.

गुण द्यायचेच तर वाटांना पाचपैकी साडेचार, अर्धा त्या धुक्याचा कापला.

एका फाटकाची खिट्टी मोडलेली होती, तिथे कुणीतरी निळी सुतळी बांधली होती. सोडायला सोपी अशी, सरकगाठ. आम्ही सोडली, पलीकडे गेलो आणि मी परत बांधली. चौथ्या खेपेला गेलो तर तिथे नवी खिट्टी होती. सुतळी शेजारच्या खांबाला गुंडाळून ठेवलेली.