मनोविकार आणि खून: न्यू साउथ वेल्समधले दोन बचाव

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात खुनाच्या खटल्यात मनोविकाराचे दोन बचाव आहेत. दोन्हींत सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो, तोही संभाव्यतेच्या तराजूवर, म्हणजे ते खरं नसण्यापेक्षा खरं असण्याची शक्यता जास्त आहे, एवढं दाखवायचं. वकील पुष्कळदा चुकतात ते कोणता बचाव घ्यायचा, इथेच.

पहिला मानसिक आरोग्याविषयीच्या २०२० च्या कायद्याच्या कलम २८ चा. आपण काय करतोय हेच कळत नव्हतं, किंवा ते चुकीचं आहे हे कळत नव्हतं, असं दाखवावं लागतं. कायद्याने गुन्हा आहे एवढं ठाऊक असूनही हा बचाव टिकू शकतो. समोरची बाई आई नसून तिचं रूप घेतलेला सैतान आहे, अशी खात्री झालेला माणूस बरं-वाईट थोड्याफार शांतपणे तोलू शकत होता का, हे पाहतात. १९३३ च्या पोर्टर खटल्यात न्यायमूर्ती डिक्सन यांनी ज्यूरीला हेच समजावलं होतं. बचाव टिकला तर कृत्य सिद्ध, पण गुन्हेगारी जबाबदारी नाही. मात्र ही सरसकट सुटका नव्हे: न्यायालय बंदिस्त ठेवू शकतं, मुदत ठरलेली नसते आणि पुढचा आढावा मानसिक आरोग्य न्यायाधिकरण घेतं.

दुसरा, १९०० च्या क्राइम्स ॲक्टचं कलम २३अ. इथे स्वतःवरचा ताबा लक्षणीय घटला होता, हेही चालतं; कलम २८ मध्ये नुसतं तेवढं पुरत नाही. यश आलं तर खुनाऐवजी मनुष्यवध, कमाल २५ वर्षं. स्वतःहून केलेल्या नशेचा परिणाम धरत नाहीत. जबाबदारी कमी करण्याइतकी ही घट मोठी होती का, यावर मानसोपचारतज्ज्ञाचं मत चालत नाही; ते ज्यूरीच ठरवते. त्यामुळे तज्ज्ञाच्या अहवालात ते वाक्य असेल, तर तेवढं बाद होतं.

शेजारच्या व्हिक्टोरियात हा दुसरा मार्गच नाही.