टाचेमागची शीर: कुठलं ऑपरेशन कुणासाठी?

यवतेश्वरचा घाट पहाटे चढणाऱ्या आमच्या साताऱ्यातल्या पळणाऱ्यांत, मॅरेथॉनचे दिवस जवळ आले की कुणी ना कुणी टाच धरून बसतंच. सकाळी उठल्यावर पहिली चार पावलं लंगडत, मग जरा मोकळं, संध्याकाळी पुन्हा ठणका. दुखणं असतं टाचेमागच्या शिरेचं. शीर म्हणजे इथं रक्तवाहिनी नव्हे, तर पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणारी जाड दोरी (अकिलिस टेंडन). असं सहा महिने चाललं की ऑपरेशनचा विषय निघतो.

त्याआधी एक काम करा. दुखतं तिथं बोट ठेवा. टाचेच्या हाडापासून २ ते ६ सेंटीमीटर वर, शिरेच्या मधल्या भागात दुखतंय, की शीर हाडाला चिकटते तिथंच? दोन्हींची ऑपरेशनं निराळी आहेत, आणि शेजाऱ्याला लागू पडलं ते तुम्हाला लागू पडेलच असं नाही.

मधल्या भागाला रक्तपुरवठा कमी, म्हणून झीज भरून येत नाही आणि गाठ धरते. गाठ लहान असेल तर शिरेच्या लांबीच्या दिशेनं काही बारीक छेद देतात. बऱ्याचदा जागेवरची भूल पुरते आणि चालणंही लवकर सुरू होतं. मोठ्या गाठीला हे पुरत नाही. तिथं उघडून खराब भाग काढावा लागतो. खरी जोखीम कातडीची आहे. टाचेमागची कातडी पातळ, त्यामुळे जखम भरायला वेळ घेते. साखर वाढलेली असेल किंवा तंबाखू, मिश्री चालू असेल तर धोका आणखी वाढतो. म्हणून लहान गाठीला मोठा छेद नको, असं माझं ठाम मत आहे. आणि निम्म्याहून जास्त शीर खराब निघाली तर पायाचा अंगठा वाकवणारी शीर वळवून टाचेला जोडतात. अंगठ्याचा जोर थोडा कमी होतो. रोजच्या चालण्यात बहुतेकांना ते जाणवत नाही, पण वेगात पळणाऱ्यानं आधी विचारून घ्यावं.

‘हाड वाढलंय’ असं ज्यांना सांगितलं जातं, त्यांचं दुखणं खालचं, शीर हाडाला चिकटते तिथलं. इथं शीर हाडावरून थोडी किंवा पूर्ण सोडवतात, हाडाचा उंचवटा आणि साठलेलं कॅल्शियम काढतात, मग अँकर (हाडात बसवायचे बारीक खिळे) लावून शीर परत बसवतात. हे काम मोठं. बहुधा पहिले दोन आठवडे पायावर भार नाही, मग टाच उंच ठेवणारा बूट, एकूण दीड-दोन महिने. शीर चांगली असून नुसता उंचवटाच घासत असेल तर दोन छिद्रांतून दुर्बिणीनं तो तासता येतो. दुसरा मार्ग टाचेच्या हाडाची पाचर काढून स्क्रू लावण्याचा. त्यात शीर सोडवावी लागत नाही, पण हाड जुळायची वाट बघावी लागते.

गुडघा सरळ ठेवून पाऊल वर उचललं जात नाही आणि गुडघा वाकवला की उचललं जातं, असं असेल तर पोटरी आखडलेली आहे. मग पोटरीतच छेद देऊन ती थोडी सैल करण्याचं ऑपरेशन विचारात घ्यावं. जखम टाचेपासून दूर राहते. पोटरीची ताकद मात्र थोडी घटते.

पण १२ आठवडे नेमानं व्यायाम केला नसेल, तर यातलं काहीच ठरवू नका. १९९८ मध्ये स्वीडनचे हाडांचे डॉक्टर आल्फ्रेडसन यांनी मांडलेली पद्धत साधी आहे: पायरीच्या कडेवर उभं राहून टाच सावकाश खाली सोडायची, १५ वेळा, तीन फेऱ्या, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून, दिवसातून दोनदा. हाडापाशी दुखणाऱ्यांनी टाच पायरीखाली सोडू नये, सपाट जमिनीवरच करावं. आणि शिरेत स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊ नका. शीर तुटण्याचा धोका असतो.

उघड्या ऑपरेशननंतर पळायला सहा महिने धरा, पूर्ण जोर यायला वर्षसुद्धा. डावा पाय असेल तर मोटरसायकलचा गिअर बंद, उजवा असेल तर मागचा ब्रेक. उकिडवं बसणं तर बरेच दिवस जमणार नाही. म्हणून घरात भारतीय बैठकीचं संडास असेल, तर ऑपरेशनच्या तारखेआधी कमोडच्या खुर्चीची सोय करून ठेवा.