वाइडबँडचा आकडा लॉगमध्ये कसा आणाल: ॲनालॉग वायर, कॅन की वेगळा लॉगर?

जुन्या एस्टीमवर किंवा जिप्सीवर स्पीडुइनो (स्वतः ट्यून करता येणारा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) चढवणारा असो, नाहीतर टर्बो गाडीचं रिमॅप (मूळ ईसीयूतल्या आकड्यांत बदल) करून घेणारा असो, ट्यूनिंगला हात घालताना पहिला प्रश्न ठरलेला असतो: वाइडबँड, म्हणजे धुरावरून हवा-इंधनाचं प्रमाण मोजणारा सेन्सर आणि त्याचा कंट्रोलर, कुठला घेऊ? माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. एईएम एक्स-सिरीज घ्या, इनोव्हेट एलसी-२ घ्या किंवा स्पार्टन घ्या, सायलेन्सरच्या पाइपात शेवटी बॉशचा एलएसयू ४.९ हाच सेन्सर बसतो. खरा फरक पडतो तो सेन्सरने मोजलेला आकडा लॉगच्या फाइलपर्यंत कोणत्या वाटेने पोचतो यात. ही वाट आधी ठरवा, कंट्रोलर त्यावरून आपोआप ठरतो.

त्याआधी एक वाट बाद करून टाकू. गाडीत कंपनीने दिलेला ऑक्सिजन सेन्सर आहे, स्वस्तातलं ब्लूटूथ ओबीडी (गाडीच्या डायग्नोस्टिक सॉकेटचा अडॅप्टर) आणलं आणि मोबाइलवर लॉग केला तर चालेल का? बहुतेक साध्या पेट्रोल गाड्यांत पुढचा सेन्सर नॅरोबँड असतो. तो साधारण ०.१ ते ०.९ व्होल्ट देतो, लॅम्डा १ (हवा-इंधन अगदी बरोबर प्रमाणात) च्या जवळ ०.४५ ओलांडतो आणि मिक्स्चर रिच (इंधन जास्त, लॅम्डा १ च्या खाली) आहे की लीन (इंधन कमी, १ च्या वर) एवढंच सांगतो. फुल थ्रॉटलला तुम्हाला लॅम्डा ०.८७ हवा असेल, तर प्रत्यक्षात ०.९२ आहे की ०.८० हे त्याच्या व्होल्टेजवरून भरवशाने कळत नाही. काही गाड्यांत पुढचा सेन्सर वाइडबँड असतो आणि ॲपमध्ये थेट लॅम्डा दिसतो, हे खरं. पण स्वस्त अडॅप्टरवर आरपीएम, मॅप (इनटेक मॅनिफोल्डमधला दाब), थ्रॉटल आणि लॅम्डा असे चार आकडे एकदम मागितले की प्रत्येकाची गती सेकंदाला दोन-चार नोंदींवर येते. तिसऱ्या गिअरचा एक पुल (फुल थ्रॉटलवर आरपीएम चढवत नेणं) सहा-सात सेकंदांत संपतो. त्यात हाताला लागतात मोजके ठिपके. एका वेगाने चालताना फ्युएल ट्रिम (ईसीयूने स्वतः केलेली इंधनाची दुरुस्ती) बघायला ओबीडी उत्तम आहे. इंधनाचा मॅप, म्हणजे टेबल, बनवायला नाही.

ॲनालॉग: एक वायर, आणि अर्थची (ग्राउंडची) गोष्ट

ॲनालॉग आउटपुट म्हणजे कंट्रोलर लॅम्डाच्या प्रमाणात ० ते ५ व्होल्ट देतो आणि ईसीयू ते वाचतो. स्पीडुइनोपासून जुन्या मेगास्क्वर्टपर्यंत सगळीकडे चालतं, एक इनपुट मोकळा असला की झालं. आरपीएम, मॅप, इंजेक्टरची वेळ आणि लॅम्डा हे सगळं एकाच फाइलमध्ये, एकाच घड्याळावर येतं. त्यामुळे ट्यूनरस्टुडिओ या सॉफ्टवेअरचं ऑटोट्यून, म्हणजे लॉगवरून टेबल आपोआप सुधारणं, चालवता येतं. त्यामागचं गणित साधं आहे: व्हीईचा (सिलिंडर हवेने किती टक्के भरतो त्याचा) जुना आकडा गुणिले मोजलेला लॅम्डा, भागिले हवा असलेला लॅम्डा. टेबलाच्या एखाद्या चौकटीत व्हीई ७० आहे, लक्ष्य ०.८७ आणि लॉगमध्ये ०.९१ दिसलं, तर तिथे ७३.२ भरायचे.

आता मुख्य अडचण. स्पीडुइनोतला आर्डुइनो मेगा १० बिटने व्होल्टेज वाचतो, म्हणजे एक पायरी जेमतेम ०.००५ व्होल्टची. वाचन भरड आहे अशी तक्रार लोक करतात, पण घोटाळा तिथे नसतो. घोटाळा अर्थमध्ये असतो. सेन्सरचा हीटर बॅटरीतून अँपिअरभर आणि गरम होताना त्याहून जास्त करंट ओढतो. कंट्रोलरची अर्थ डॅशबोर्डखालच्या बॉडीच्या स्क्रूला आणि ईसीयूची अर्थ इंजिनला असेल, तर दोन्ही ठिकाणच्या ‘शून्या’त ०.१ व्होल्टचा फरक सहज पडतो. एईएमच्या स्केलवर एका व्होल्टला २.३७५ एएफआर (हवा-इंधनाचं वजनी प्रमाण), म्हणजे ०.१ व्होल्टला जवळजवळ पाव एएफआरची चूक. एलसी-२ च्या मूळ स्केलवर तीच चूक ०.३ होते. इंधनात हा फरक दीड ते अडीच टक्क्यांचा. चूक स्थिर असती तर एकदा वजा करून मोकळे झालो असतो, पण रेडिएटरचा पंखा सुरू झाला, हेडलाइट लागले, की ती बदलते. मग ऑटोट्यून रात्री एक मॅप बनवतं आणि दुपारी दुसरा.

ही चाचणी प्रत्येकाने करावी, पाच मिनिटांचं काम आहे. इंजिन गरम होऊ द्या, आयडलवर ठेवा. गेजवरचा आकडा आणि लॅपटॉपवरचा लॅम्डा शेजारी-शेजारी बघत हेडलाइट, ब्लोअर, मागची काच गरम करणारं बटण असं एकेक सुरू करा. लोड पडल्यावर दोन्ही आकडे एकत्र हलले तर तो इंजिनातला खरा बदल. गेज जागेवर आणि फक्त लॉग सरकला, तर अर्थ खराब. मल्टिमीटर असेल तर कंट्रोलरची अर्थ आणि ईसीयूची सेन्सर अर्थ यांच्यामध्ये मिलिव्होल्टवर लावून थेट मोजा. इंजिन चालू असताना तिथे काही मिलिव्होल्टच दिसायला हवेत. दुरुस्ती अशी: कंट्रोलरच्या पुस्तिकेत सिग्नलची अर्थ वेगळी दिली असेल तर ती ईसीयूच्या सेन्सर अर्थला, एकच अर्थ असेल तर ती ईसीयूची पॉवर अर्थ इंजिनवर जिथे टेकली आहे त्याच बोल्टला. रंग खरवडून, लग क्रिंप करून. वायरिंगवाला ‘बॉडी अर्थ दिली की बास’ म्हणेल. हॉर्नसाठी बास असते, वाइडबँडसाठी नाही.

दुसरी उणीव वायरिंगने सुटत नाही. सेन्सर अजून तापतोय, किंवा बिघडलाय, हे ॲनालॉग वायरीवरून ईसीयूला समजत नाही. त्याला कुठलंतरी व्होल्टेज दिसतं आणि ते तो खरं मानतो. थंड गाडी सुरू केल्या केल्या ऑटोट्यून चालू ठेवलं तर बिघडलेल्या चौकटी नंतर शोधत बसावं लागतं. म्हणून पाण्याचं तापमान ७० अंशांवर जाईपर्यंत ऑटोट्यून बंद, ही अट सॉफ्टवेअरमध्येच घालून ठेवा.

कॅन: दोन वायरी, आकडा जसाच्या तसा

कॅन म्हणजे दोन वायरींवर डिजिटल संदेश नेणारी बस. तिच्यावर व्होल्टेजचं भाषांतर होत नाही. कंट्रोलर लॅम्डा आकड्याच्या रूपातच पाठवतो. एईएम एक्स-सिरीज सेकंदाला शंभर वेळा लॅम्डा पाठवतो, एक पायरी ०.०००१ ची, आणि त्याच संदेशात वाचन वैध आहे की नाही याचीही खूण असते. म्हणजे वरच्या दोन्ही दुखण्यांवर एकदम इलाज. अर्थमध्ये थोडा फरक असला तरी आकडा बदलत नाही, आणि सेन्सर मेला तर ईसीयूला ते कळतं.

अट एकच: ईसीयूला कॅन हवा आणि त्या कंट्रोलरची भाषा यायला हवी. लिंक, हॅल्टेक या कंपन्यांच्या ईसीयूंना अडचण नाही, त्यांचे स्वतःचे कॅन लॅम्डा कंट्रोलरही आहेत. रसईएफआय हा ईसीयू ज्या चिपवर चालतो तिच्यात कॅन आहे. मेगा २५६० वर बांधलेल्या स्पीडुइनोत मुळात कॅन नाही, टीन्सी या दुसऱ्या कंट्रोलरवर बांधलेल्या बोर्डांत आहे. जोडणीत बस पळत नसेल तर आधी बॅटरी काढून दोन वायरींमध्ये रोध मोजा. दोन्ही टोकांना १२० ओहम असतील तर मीटर ६० दाखवेल. १२० दिसलं तर एका टोकाचा रोधक नाही, ४० दिसलं तर कुणीतरी तिसरा लावलाय. वायरी पिळून घ्या, इग्निशन कॉइलपासून लांब न्या. याहून फारसं काही नाही.

वेगळा लॉगर, म्हणजे इनोव्हेट एलएम-२ सारखं हातातलं यंत्र जे एसडी कार्डवर लिहितं, त्याची जागा निराळी आहे. कार्ब्युरेटरची गाडी, जिथे ईसीयूच नाही, तिथे तेच योग्य. चार मित्रांत मिळून एक घेतलं आणि गाडीगाडीत फिरवलं, तरी परवडतं. पण ईसीयूचा लॉग एका घड्याळावर आणि लॅम्डा दुसऱ्या घड्याळावर असेल, तर दोन फाइल जुळवताना डोकं उठतं. सुरुवातीला थ्रॉटलला तीन झटके देऊन खूण करता येते, पण हे दर लॉगला करायचा कंटाळा येतो आणि मग लोक अंदाजाने जुळवतात. ईसीयू प्रोग्राम करता येत असेल तर या वाटेला जाऊ नका.

ई२० आणि एएफआरचा गोंधळ

वाट कुठलीही घ्या, लॉग लॅम्डामध्येच ठेवा. हे मी आग्रहाने सांगतो, कारण आता पंपावर मिळणारं पेट्रोल ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं, आहे. शुद्ध पेट्रोलचं स्टॉइक प्रमाण (लॅम्डा १ ला असणारा एएफआर) १४.७, इथेनॉलचं ९, आणि २० टक्के मिश्रणाचं साधारण १३.५. सेन्सरला यातलं काहीच माहीत नसतं. तो लॅम्डा मोजतो आणि गेज त्याला १४.७ ने गुणून दाखवतं. टाकीत ई२० असताना गेजवर १४.७ दिसलं तर प्रत्यक्षात १३.५ चालू असतं, आणि ते बरोबर असतं.

गोंधळ कुठे होतो बघा. कुणीतरी सांगतं, ई२० आहे म्हणून ईसीयूत स्टॉइक १३.५ टाक. टाकलं. पण वायरीवरून येणारी स्केल अजून पेट्रोलचीच आहे. कंट्रोलर लॅम्डा १ ला ‘१४.७’ पाठवतो, ईसीयू त्याला १३.५ ने भागतो आणि १.०९ लीन समजतो. ऑटोट्यून इमानदारीने ९ टक्के इंधन वाढवतं. गाडी काळा धूर सोडेल, प्लग काळे पडतील, आणि तुम्ही इंजेक्टर बदलत बसाल. कंट्रोलरची स्केल थेट लॅम्डात भरली, तर हा प्रकार उद्भवतच नाही. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीलाही हेच लागू, तिथे प्रमाण १७ च्या पुढे जातं, पण लॅम्डा १ म्हणजे १ च.

सेन्सर कुठे बसवायचा, लॉग कुठे काढायचा

वेल्डरकडे जाताना एम१८ बाय १.५ आट्यांचा नट घेऊन जा. पुण्यात नाना पेठेत मिळाला नाही तर भोसरीत कुठलाही लेथवाला करून देईल. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी, टर्बो असेल तर टर्बोच्या नंतर, आणि पाइपाच्या वरच्या अंगाला, म्हणजे सकाळी सायलेन्सरात साठलेलं पाणी तापलेल्या सेन्सरवर पडणार नाही. त्याच्या आधी कुठे गॅस्केट फुंकत असेल तर आयडलला बाहेरची हवा आत ओढली जाते आणि लॉग खोटाच लीन दिसतो. मिसफायर झाला तरी न जळलेला ऑक्सिजन जाऊन लीनच दिसतं. म्हणून एका चौकटीत अचानक लीन आलं की इंधन वाढवण्याआधी प्लग बघा. आणि सेन्सर पाइपात असताना कंट्रोलरला करंट नसेल, असं कधीही इंजिन चालवू नका. थंड सेन्सर काजळीने मरतो. एलसी-२ ला मोकळ्या हवेतलं कॅलिब्रेशन लागतं. ते सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये करू नका, गच्चीवर किंवा रस्त्याकडेला करा.

पुण्यात ट्यूनिंग करणाऱ्याच्या सहसा ध्यानात न येणारी एक गोष्ट आहे. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, त्यामुळे इथे हवेचा दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास. टर्बो नसलेल्या इंजिनात मॅप, म्हणजे मॅनिफोल्डचा दाब, फुल थ्रॉटलला ९३-९४ च्या वर जात नाही. म्हणजे व्हीई टेबलमधली १०० किलोपास्कलची ओळ तुम्ही इथे कितीही लॉग काढले तरी पूर्णपणे भेटणारच नाही. ताम्हिणी उतरून कोकणात गेलात की फुल थ्रॉटल पहिल्यांदाच त्या ओळीला भिडतं, आणि तिथे वर्षापूर्वीचा अंदाजे टाकलेला आकडा बसलेला असतो. घाट उतरण्याआधी ९० च्या ओळीचा कल बघून ती ओळ हाताने भरा, किंचित रिच ठेवा, आणि खाली पोचल्यावर लॉग बघा.

लॉगमध्ये सेन्सरची दिरंगाईही असते. ८०० आरपीएमला एक पूर्ण सायकल १५० मिलिसेकंदांची, ६००० ला फक्त २० ची. म्हणून आयडलजवळचा लॅम्डा बराच उशिरा येतो. सॉफ्टवेअरमध्ये ही वेळ आरपीएमप्रमाणे भरता येते. भरली नाही, तर चूक शेजारच्या चौकटीला चिकटते.

फुल थ्रॉटलचे पुल डायनोवर (गाडी रोलरवर चालवून मोजणाऱ्या यंत्रावर) करा. सातारा रस्त्यावर खंबाटकीच्या चढाला चौथ्या गिअरमध्ये स्थिर लोड छान मिळतो, मधल्या चौकटी तिथे भरून निघतात. पण गाडी एकाने चालवायची आणि लॅपटॉप दुसऱ्याने बघायचा. नवले पुलाच्या उतारावर लॉग काढायचा विचारही नको. तिथले अपघात आपण दर महिन्याला पेपरात वाचतो.

मग घ्यायचं काय? नवीन बिल्ड असेल आणि ईसीयू अजून विकत घ्यायचा असेल, तर कॅन असलेला ईसीयू निवडा आणि कॅन बोलणारा कंट्रोलर घ्या. हातात आधीच मेगावरचा स्पीडुइनो असेल, तर तो बदलू नका. ॲनालॉग वायर आणि वर सांगितलेली अर्थची चाचणी, एवढ्यावर अतिशय चांगला मॅप बनतो. मूळ ईसीयूचं रिमॅप करून घेणाऱ्याने ट्यूनरला आधीच विचारावं की लॅम्डा कुठून वाचणार. ‘ओबीडीवरून’ असं उत्तर आलं तर पुढचा सेन्सर वाइडबँड आहे का तेही विचारा. नसेल, तर फुल थ्रॉटलला तो ट्यूनर डोळे मिटून काम करणार आहे. पाइपात स्वतःचा सेन्सर बसवणारा दुसरा ट्यूनर शोधा.

सेन्सर नवा घ्या, वापरलेला नको. आणि वायर लांब करायची म्हणून त्याचा कनेक्टर कापू नका. त्या प्लगच्या आत कारखान्यात त्याच एका सेन्सरला जुळवून बसवलेला रोधक असतो. तो गेला की कंट्रोलरला मिळणारा आकडा त्या सेन्सरचा राहत नाही. लांबी कमी पडत असेल, तर कंट्रोलरच्या बाजूची तयार एक्स्टेंशन वायर मागवा.