पहिली ते पाचवीच्या वर्गात टॅब: वर्षभर वापरल्यावर काय कळतं

पहिली-दुसरीच्या मुलांना संगणकाची ओळख करून द्यायला टॅब उत्तम. चौथी-पाचवीत मात्र एकटा टॅब पुरत नाही. पूर्ण शैक्षणिक वर्ष वर्गात वापर झाल्यावर हे मत पक्कं झालंय.

लहान मुलांचे सुरुवातीचे कितीतरी तास माऊस धरणं, क्लिक आणि डबल क्लिक यातच जातात. टॅबवर बोटाने ठोकळा (एक ठोकळा म्हणजे पात्राला दिलेली एक सूचना) ओढला की तो सरकतो, त्यामुळे पहिल्याच तासाला 'सूचना क्रमाने द्यायच्या' या खऱ्या मुद्द्यावर येता येतं. पण काही गोष्टी टॅब स्वतःच झाकून ठेवतो: फाइल जाते कुठे, तिला नाव कसं द्यायचं, दोन्ही हातांनी टाइप कसं करायचं. त्या मुद्दाम शिकवल्या नाहीत, तर पाचवी संपेपर्यंत मुलांची त्यांच्याशी गाठच पडत नाही.

खालच्या वर्गांसाठी स्क्रॅचज्युनियर घ्यावं. ठोकळे जोडून पडद्यावरच्या पात्रांना हलवायचं, पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठीचं हे अ‍ॅप २०१४ साली आयपॅडवर आलं, नंतर अँड्रॉइडवर. फुकट आहे, एकदा टाकलं की इंटरनेट लागत नाही, आणि ठोकळ्यांवर शब्दांऐवजी चित्रं असल्याने अजून नीट वाचता न येणारं मूलही अडत नाही. पिवळा ठोकळा सुरुवातीचा, निळा हालचालीचा, जांभळा दिसण्याचा, हिरवा आवाजाचा, केशरी नियंत्रणाचा, लाल शेवटाचा. पहिले काही तास पिवळा, निळा आणि लाल एवढेच द्यावेत. सगळे रंग एकदम दिले की मुलं ठोकळ्यांची आगगाडी जोडत बसतात आणि अ‍ॅपमधलं नेहमीचं पात्र असलेलं मांजर पडद्यावर काय करतंय याकडे कुणाचं लक्ष राहत नाही.

रंगमंचावर, म्हणजे पात्रं हलतात त्या जागेवर, चौकटी दाखवणारं बटण आहे, ते पहिल्या दिवसापासून चालू ठेवावं. आडव्या २० आणि उभ्या १५ चौकटी दिसतात. मांजर पाचव्या चौकटीत, झाड बाराव्या. किती पावलं टाकायची? बरीच मुलं आठ म्हणतात, कारण मांजर उभं आहे ती चौकटही मोजतात. ८ टाकून चालवलं की मांजर झाडाच्या पुढे जातं, आणि मग मूल स्वतःच बोट ठेवून पुन्हा मोजायला लागतं. त्यानंतर २० टाकायला सांगावं. उजव्या कडेतून बाहेर गेलेलं मांजर डावीकडून आत येतं, त्यामुळे २० पावलं चालून ते निघालं होतं तिथेच थांबतं. 'आधी अंदाज सांगा, मग चालवा' ही सवय लावायला याहून चांगला धडा आम्हाला सापडलेला नाही.

वळण्याच्या ठोकळ्यात १२ टाकलं की पूर्ण फेरी होते, म्हणजे ३ टाकलं की काटकोन. घड्याळ येणाऱ्या मुलांना हे लगेच कळतं. पण इथे शिक्षकच हमखास फसतात. वळवलेलं मांजर त्या दिशेने चालत नाही. उजवीकडे नेणारा ठोकळा त्याला उजवीकडेच नेतो, मग ते उलटं का असेना. मुलांसाठीच्या लोगो या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेतलं कासव तोंड असेल त्या दिशेने जायचं, तसं हे नाही. त्यामुळे चौकोनी फेरीसाठी 'पुढे, वळ, पुढे, वळ' ही रचना चालत नाही. उजवीकडे, खाली, डावीकडे, वर असे चार वेगळे ठोकळे लावावे लागतात. 'आपल्या उजव्या हाताला वळ' ही कल्पना द्यायची असेल, तर टॅब बाजूला ठेवून जमिनीवर खडूने चौकटी आखाव्यात आणि मुलांनाच चालवावं.

'चालत नाहीये' म्हणून हात वर झाला की कारण बहुतेक वेळा तीनपैकी एक असतं. ठोकळे जवळजवळ ठेवलेत पण जोडलेले नाहीत. किंवा डावीकडच्या यादीत दुसरंच पात्र निवडलंय. खाली फक्त निवडलेल्या पात्राचे ठोकळे दिसतात, म्हणून मुलाला वाटतं आपलं काम पुसलं गेलं. किंवा एका पात्राने दुसऱ्याला पाठवलेल्या निरोपाचा रंग केशरी आणि ऐकणाऱ्या ठोकळ्याचा लाल. अशा वेळी टॅब आपल्या हातात घेऊन दुरुस्त करून देण्याचा मोह आवरावा. 'कुठल्या ठोकळ्यापर्यंत बरोबर चाललं?' एवढंच विचारावं. चूक शोधणं हाच या विषयाचा गाभा आहे, तो मुलांकडून काढून घेऊ नये.

आवाज रेकॉर्ड करण्याचा तास मुलांना फार आवडतो आणि नेमका तोच कोलमडतो. अ‍ॅप पहिल्यांदा मायक्रोफोनची परवानगी मागतं, तेव्हा मूल घाईत 'नको' दाबतं. अँड्रॉइड ११ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांत दोनदा नाकारलं की पुन्हा विचारणाच होत नाही आणि रेकॉर्डिंग मुकंच राहतं. सेटिंग्ज, अ‍ॅप्स, स्क्रॅचज्युनियर, परवानग्या या वाटेने जाऊन मायक्रोफोन चालू करावा लागतो. वर्गाआधी प्रत्येक टॅबवर एकदा स्वतः रेकॉर्ड करून बघितलं तर हा गोंधळ टळतो. कॅमेऱ्याचंही तसंच. मात्र मुलांचे चेहरे त्या टॅबवर राहतात, तेव्हा फोटो आपोआप ऑनलाइन साठवण्याची सोय बंद असल्याची खात्री करावी आणि सत्र संपताना सगळे फोटो पुसावेत.

प्रकल्प त्या-त्या टॅबवरच साठतात. अ‍ॅप काढून टाकलं किंवा त्याचा डेटा साफ केला की मुलांची सगळी मेहनत गेली. म्हणून टॅबला मागे ठळक क्रमांक हवा आणि जोडी ठरलेली हवी: ७ नंबरवर कायम तीच दोघं. दोघांत एक टॅब हे प्रमाण काटकसर म्हणून नाही, शिकण्यासाठी चांगलं आहे. एकाने बोट चालवायचं, दुसऱ्याने पुढचा ठोकळा सांगायचा, आणि सात-आठ मिनिटांनी अदलाबदल. सांगावं लागलं की विचार आधी करावा लागतो. अदलाबदलीसाठी घंटी किंवा टाळी ठरवून घ्यावी, नाहीतर बोलकं मूल तासभर टॅब सोडत नाही.

मुलं दुसऱ्या अ‍ॅपमध्ये जाऊ नयेत यासाठी अँड्रॉइडवर अ‍ॅप पिनिंग आहे, आयपॅडवर गाइडेड अ‍ॅक्सेस. पिनिंग चालू करताना 'बाहेर पडताना पिन विचारा' हा पर्याय निवडला नाही, तर मुलं ते सहज सोडवतात. टॅब वीसच्या पुढे असतील तर एकेकावर हे करत बसण्यापेक्षा सगळ्यांचं नियंत्रण एका जागेवरून करणारी व्यवस्था घ्यावी. ती लावायची ठरल्यास पहिल्या सेटअपलाच लावावी: स्वागताच्या पडद्यावर एकाच जागी सहा वेळा टॅप केलं की क्यूआर कोड वाचण्याची सोय उघडते. एकदा सेटअप पूर्ण झाला की त्यासाठी टॅब फॅक्टरी रीसेट करावा, म्हणजे सगळं पुसून नव्यासारखा करावा लागतो, आणि त्यात प्रकल्प जातात.

आता चार्जिंग. तास होतो की नाही हे इथे ठरतं. साधारण टॅब ५ व्होल्ट २ अँपिअरवर, म्हणजे १० वॉटवर चार्ज होतो. वीस टॅबचे २०० वॉट भिंतीतल्या सॉकेटला जड नाहीत, पण स्वस्त यूएसबी हबला झेपत नाहीत. हबवर छापलेला एकूण करंट बघावा. १० पोर्ट आणि एकूण १० अँपिअर असेल, तर सगळे लावल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला १ अँपिअर येतो आणि ७,००० मिलिअँपिअर-तासाची बॅटरी भरायला चारऐवजी सहा-सात तास लागतात. सकाळी निम्मे टॅब अर्धेच भरलेले मिळतात ते यामुळे. जुन्या मायक्रो यूएसबीचं तोंड मुलांच्या हातून उलटं खुपसलं जातं आणि पोर्टची जीभ वाकते. नवीन घेताना टाइप-सीच घ्यावं. केबल मुलांनी लावायची नाही, हा नियम ठेवावा. फुगलेली बॅटरी कव्हरमुळे लवकर लक्षात येत नाही, म्हणून महिन्यातून एकदा कव्हर काढून टॅब सपाट टेबलावर ठेवावा. डुगडुगला किंवा पडदा कडेने उचललेला दिसला, तर तो चार्ज न करता वर्गाबाहेर काढावा.

वायफायबद्दल थोडक्यात: घरगुती राउटरवर पंचवीस टॅब एकदम जोडले की काही गळतातच. शक्य तेवढं ऑफलाइन ठेवावं आणि अपडेट शाळा सुटल्यावर करावेत.

चौथीपासून चित्र बदलतं. मोठ्या मुलांसाठीचं, शब्दांचे ठोकळे असलेलं स्क्रॅच ३.० टॅबच्या ब्राउझरमध्ये चालतं, पण दहा इंचांपेक्षा लहान पडद्यावर ठोकळे आणि रंगमंच दोन्ही दाटीवाटीने बसतात, आणि 'अमुक कळ दाबल्यावर' हा ठोकळा कीबोर्डशिवाय निरुपयोगी ठरतो. बाणांच्या कळांनी चालणारा खेळ बनवायचा असेल, तर पडद्यावर बाणांची चित्रं पात्र म्हणून ठेवून 'यावर क्लिक झाल्यावर' वापरावं लागतं. बाहेरचा कीबोर्ड जोडलेला बरा. ब्लूटूथचे एकाच मॉडेलचे दहा कीबोर्ड एकाच खोलीत एकाच वेळी चालू केले, तर यादीत दहा सारखी नावं येतात. एकेक चालू करून जोडावा आणि टॅबचाच क्रमांक त्यावर चिकटवावा. ओटीजीने (टॅबच्या चार्जिंग पोर्टला यूएसबी उपकरण जोडायच्या अडॅप्टरने) जोडलेल्या कीबोर्डला ही कटकट नाही, पण तो टॅबची बॅटरी खातो आणि एकच पोर्ट असेल तर साध्या अडॅप्टरने त्याच वेळी चार्जिंग होत नाही.

मराठी टायपिंग पडद्यावरच्या कीबोर्डवर चांगलं शिकवता येतं. शब्द सुचवणारी पट्टी मात्र बंद ठेवावी. ती चालू असली की मूल पहिली दोन अक्षरं टाकून पूर्ण शब्द उचलतं, आणि जोडाक्षरासाठी मध्ये हलन्त (अक्षराचा पाय मोडण्याचं चिन्ह) द्यावा लागतो हे त्याला कळतच नाही. 'शाळा', 'पुस्तक', 'सूर्य', 'विद्यार्थी' हा क्रम बरा पडतो.

फाइलींसाठी एक सोपा पाठ: फोटो काढायचा, गॅलरी बंद करायची, आणि फाइल्स अ‍ॅपमधून तोच फोटो शोधायचा. तो बहुधा डीसीआयएम नावाच्या फोल्डरात कॅमेऱ्याखाली मिळतो. मग जोडीच्या क्रमांकाचं फोल्डर बनवून तो तिथे हलवायचा आणि त्याचं नाव बदलायचं. हा पाठ पाचवीत झाला की पुढे लॅपटॉपवर गेल्यावर मुलं अडखळत नाहीत.

मायक्रोबिट, म्हणजे मुलांना प्रोग्रॅम करता येणारं छोटं सर्किट बोर्ड, टॅबवरून ब्लूटूथने चालतो, पण जोडणी वेळखाऊ आहे. वर्गभर एकदम जोडायला जाऊ नये. शिक्षकांनी आदल्या दिवशी जोडून, टॅबचा क्रमांक मायक्रोबिटवर लिहून ठेवावा.

नवीन घेताना किमान ४ जीबी रॅम, आठ ते दहा इंचांचा पडदा, हँडल असलेलं जाड फोमचं कव्हर आणि काचेचा गार्ड हवा. तडकलेला गार्ड लगेच बदलावा. बोट ओढताना भेगेवर स्पर्श तुटतो, ठोकळा मध्येच गळून पडतो आणि मूल स्वतःला दोष देत बसतं. मोठ्या सुट्टीआधी टॅब ५० टक्क्यांच्या आसपास चार्ज करून पूर्ण बंद करावेत आणि थंड, कोरड्या कपाटात ठेवावेत. शून्यावर ठेवून दिलेले काही टॅब सुट्टीनंतर चालूच होत नाहीत.