लहानपणीचा व्हिडिओ गेम पुन्हा घ्यायचाय? आधी सांगा: कॉन्ट्रा, मारिओ की बदकं?

दिवाळीत भावंडं जमली की कुणीतरी विषय काढतंच, "अरे, तो आपला व्हिडिओ गेम पुन्हा घेऊया का?" मग मोबाइलवर शोधाशोध होते आणि समोर चार गोष्टी येतात. 500 रुपयांच्या आसपास मिळणारा, हातात मावणारा, आतच गेम भरलेला '400 इन 1'. कॅसेट घालायचा जुना सेट. संगणकावर रीतसर विकत मिळणारे जुने गेम. आणि निन्टेन्डो कंपनीचा 'स्विच' हा गेम खेळायचा संच, ज्याला 20-25 हजार सहज लागतात. बहुतेक जण किमतीवरून निवड करतात. माझं म्हणणं आहे, आधी गेम ठरवा. जो गेम डोक्यातून जात नाही, त्यावरूनच काय घ्यायचं ते ठरतं.

कॉन्ट्रा, म्हणजे गोळ्या झाडत पुढे जायचा गेम असेल, तर प्रश्न सगळ्यात सोपा आहे. कोनामी कंपनीने 2019 मध्ये 'कॉन्ट्रा अॅनिव्हर्सरी कलेक्शन' काढलं. संगणकासाठी ते स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात रुपयांत विकत मिळतं. आपण टीव्हीवर खेळलो तो 1988 चा कॉन्ट्रा त्यात जसाच्या तसा आहे, शिवाय सुपर सी आणि पुढचे भागही आहेत. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए हा बटणांचा मंत्र इथेही चालतो आणि 3 ऐवजी 30 लाइफ मिळतात. मधेच गेम सेव्ह करता येतो, जे तेव्हा शक्यच नव्हतं. वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून, हे आपण सगळ्यांनी सोसलंय.

पण कॉन्ट्रा एकट्याने खेळू नका. धबधब्याची लेव्हल आठवा. एक जण भराभर उड्या मारत वर गेला की पडदा त्याच्यासोबत सरकतो आणि खाली राहिलेला हकनाक मरतो. त्यावरून झालेली भांडणं घरोघरी सारखीच होती. एकाच्या लाइफ संपल्या की तो दुसऱ्याच्या साठ्यातली उचलून खेळायला लागायचा, परवानगी वगैरे विचारायची पद्धत नव्हती. या गेमची सगळी मजा शेजारी बसलेल्या माणसामुळे आहे. म्हणून संगणकाला जोडायचे कंट्रोलर दोन घ्या, त्यात काटकसर नको. भाऊ किंवा मैत्रीण अमेरिकेत नाहीतर दुबईत असेल, तर स्टीमच्या 'रिमोट प्ले टुगेदर'ने दोघांत एकच गेम खेळता येतो, विकत एकानेच घेतलेला असला तरी चालतं. इंटरनेट संथ असेल तर बटण दाबणं आणि उडी पडणं यात फरक जाणवतो, पण कॉन्ट्रात तेवढं खपून जातं.

मारिओत ते खपत नाही, आणि नेमकी इथेच लोक चुकीची वस्तू घेतात. 1985 चा सुपर मारिओ ब्रदर्स हा नेमक्या क्षणी उडी मारण्याचा गेम आहे. जुना डबा टीव्ही आलेला सिग्नल तसाच पडद्यावर रेखाटायचा. आजचा एलईडी टीव्ही चित्र आधी आत घेतो, मोठं करतो, रंग सुधारतो आणि मग दाखवतो. त्यात क्षणभर उशीर होतो. जुना सेट हौसेने शोधून आणतात, पिवळ्या-लाल वायरी नव्या टीव्हीला जोडतात आणि मारिओ ओळखीच्या खड्ड्यात पडतो. मग वाटतं, आपलाच हात गेला. हात गेलेला नसतो, टीव्ही उशिरा दाखवत असतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' असेल तर तो आधी चालू करा, बराच फरक पडतो.

मारिओसाठी माझं मत स्विचकडे झुकतं. त्याच्या सशुल्क ऑनलाइन सेवेत मारिओचे जुने भाग आहेत, आणि खड्ड्यात पडलात तर थोडं मागे जाऊन पुन्हा खेळता येतं. लहान मुलांना पहिल्यांदा खेळायला देताना ही सोय फार कामाची आहे, नाहीतर पहिल्याच कासवाला आपटून ती कंटाळतात. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. भारतात निन्टेन्डोची अधिकृत विक्री नाही, दुकानात मिळतो तो बाहेरून आणलेला माल. त्यामुळे वॉरंटीचं काय, हे पैसे देण्याआधी दुकानदाराला विचारा. आणि 'स्विच लाइट' घेऊ नका. तो टीव्हीला जोडता येत नाही आणि त्याचे कंट्रोलर सुटे होत नाहीत. निव्वळ मारिओसाठी एवढा खर्च मला तरी पटत नाही. घरातली मुलं त्यावर नवे गेमही खेळणार असतील, तर जरूर घ्या.

400 इन 1 बद्दल थोडक्यात. जुन्या नोकियाची बीएल-5सी बॅटरी, छोटा पडदा, कर्कश आवाज, कुठे कुठे रंगही बदललेले. यातले गेम परवान्याशिवाय भरलेले असतात, ज्यांनी ते बनवले त्यांच्या हाती काही पडत नाही. प्रवासात मुलाला गप्प बसवायला ठीक. आठवणींसाठी घेणार असाल, तर दोन दिवसांत कपाटात जाईल.

राहिली बदकं. डक हंट, म्हणजे बंदुकीने बदकं टिपायचा गेम डोक्यात असेल, तर जुना सेट आणि डबा टीव्ही यांना पर्याय नाही. कारण बंदुकीत आहे. त्या प्लास्टिकच्या बंदुकीतून काहीच बाहेर पडत नाही, तिच्या नळीत उजेड ओळखणारा सेन्सर असतो. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. तो उजेड त्याच क्षणी सेन्सरवर पडला, तर नेम लागला. एलईडीवर तो चौकोन उशिरा उमटतो, म्हणून पडद्याला नळी टेकवून मारलं तरी बदक उडून जातं.

असा सेट शोधायचा तर पुण्यात जुना बाजार, मुंबईत चोर बाजार. विक्रेता "चालू आहे" म्हणतो त्यावर जाऊ नका, समोर लावून दाखवायला सांगा. कॅसेट एक तरी सोबत न्या. 9999 इन 1 लिहिलेली कॅसेट जास्त पैसे देऊन घेऊ नका, तेच मोजके गेम नावं आणि लेव्हल बदलून पुन्हा पुन्हा भरलेले असतात. आणि कॅसेट लागली नाही तर फुंकर मारू नका. तोंडातल्या ओलाव्याने आतल्या धातूच्या पट्ट्या खराब होतात. तेव्हा गेम चालू व्हायचा तो बहुतेक वेळा काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे. कापूस आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून पट्ट्यांवर फिरवा, काळं येणं थांबेपर्यंत पुसा आणि पूर्ण वाळल्यावरच घाला. डबा टीव्ही बिघडला तर घरी उघडू नका, बंद केल्यावरही आत धोकादायक व्होल्टेज साठून राहतं.

एवढा जड टीव्ही ठेवायला घरात जागा आणि तो दुरुस्त करणारा ओळखीचा माणूस, दोन्ही असेल तरच बदकांच्या मागे लागा. नसेल, तर ते पैसे कॉन्ट्राच्या दुसऱ्या कंट्रोलरला घाला.