लिनक्स आणि विंडोज ब्लूटूथवर जोडून सात महिने: तक्रार एकच, पण रोजची

गेल्या आठवड्यात रात्री बॅकअप लावून झोपलो. सकाळी लॅपटॉपचं झाकण उघडलं तर कॉपी अर्ध्यावर तुटलेली. विंडोज मध्येच कधीतरी स्लीपमध्ये गेलं होतं. ब्लूटूथ सुरू, लिनक्सचा संगणक 'पेअर्ड' दिसतोय, आणि नेटवर्क मात्र बंद. सात महिन्यांत हे इतक्यांदा झालंय की शेवटी लिहायला बसलो.

लॅपटॉपचं वायफाय कार्ड गेलं आणि लॅनचं पोर्ट त्याला मुळात नाही. ड्रॉवरमध्ये एक जुना ब्लूटूथ डोंगल पडून होता. लिनक्सच्या डेस्कटॉपला ब्लूटूथ आहेच, इंटरनेट केबलने येतं. घरातल्या वस्तूत भागत असेल तर नवीन घेणं माझ्या जिवावर येतं, म्हणून पॅनचा, म्हणजे ब्लूटूथवरून दोन संगणकांचं छोटं नेटवर्क (पर्सनल एरिया नेटवर्क) करण्याचा मार्ग धरला. ब्लूटूथने एखादी फाइल पाठवणं वेगळं आणि हे वेगळं. पॅनमध्ये इथरनेटच्या फ्रेम्सच, म्हणजे केबलच्या नेटवर्कवर जातात तशी डेटाची पाकिटं, ब्लूटूथवरून जातात, त्यामुळे दोन्ही संगणकांना ते आणखी एक नेटवर्क कार्ड वाटतं. पलीकडे विंडोज आहे की लिनक्स, याने काही अडत नाही. शेअर्ड फोल्डर, एसएसएच (दुसऱ्या संगणकावर दुरून कमांड चालवणं), ब्राउझर, सगळं चालतं.

लिनक्सवर नेटवर्क मॅनेजरमध्ये 'नॅप' प्रकारचं, म्हणजे समोरच्याला नेटवर्क पुरवणारं ब्लूटूथ कनेक्शन केलं आणि आयपी 'शेअर्ड' ठेवला. डेस्कटॉपचा पत्ता झाला 10.42.0.1, लॅपटॉपला पत्ता आपोआप मिळाला. तरी पहिली संध्याकाळ वाया गेलीच. विंडोजवरून लिनक्सला पिंग (समोरचा संगणक उत्तर देतो का ते बघणारा संदेश) जायचा, उलट दिशेने नाही. मी पेअरिंग तीनदा मोडून पुन्हा केलं. दोष पेअरिंगचा नव्हताच. विंडोजने या नव्या नेटवर्कला 'पब्लिक' ठरवलं होतं आणि फायरवॉल पिंग अडवत होती. तुमचंही एकाच बाजूने चालत असेल तर आधी तिथे बघा.

वेगाबद्दल माझं मत दोनदा बदललं. सुरुवातीला सेकंदाला जेमतेम 40 किलोबाइट मिळायचे, म्हणून डोंगल जुना आहे असं धरून मित्राचा 5.0 वाला आणून लावला. काडीचा फरक नाही. पॅन चालतं जुन्या, क्लासिक ब्लूटूथवर, आणि त्याची 3 मेगाबिटची मर्यादा 2004 च्या 2.0 आवृत्तीपासून तिथेच आहे. प्रत्यक्ष हाती लागतात फार तर 2.1 मेगाबिट, म्हणजे सेकंदाला साधारण 260 किलोबाइट. 5.0 मधला वाढीव वेग लो एनर्जी या कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथसाठी आहे, त्याचा इथे उपयोग नाही. डोंगल परत केला आणि हा प्रकारच कुचकामी आहे असं ठरवून टाकलं.

मग एक दिवस बाहेरची हार्ड डिस्क काढली आणि वेग एकदम चौपट झाला. डिस्क यूएसबी 3.0 ची, डोंगल तिच्या शेजारच्याच पोर्टमध्ये. यूएसबी 3.0 चा रेडिओ गोंगाट नेमका 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो आणि ब्लूटूथही तिथेच चालतं. हातभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन केबल लावून डोंगल टेबलाच्या कडेला नेला. आता डिस्क लावलेली असतानाही 190 किलोबाइट टिकून मिळतात. दोन जीबीला तीन तास लागतात, पण रात्री कुणाला घाई आहे? मेल, लिखाण, हिशेबाच्या शीट यांना हा वेग पुरतो. व्हिडिओचं नाव काढू नका.

आता त्या तक्रारीकडे येतो. विंडोज पॅनला स्वतःहून परत जोडत नाही. हेडफोन जोडतं, माउस जोडतं, पण पॅन नाही. वायफायला 'आपोआप जोडा' अशी चौकट वर्षानुवर्षं आहे, इथे ती नाहीच. स्लीपमधून उठलं, रीस्टार्ट झालं, डोंगल क्षणभर हलला, की दरवेळी 'डिव्हायसेस अँड प्रिंटर्स' उघडा, लिनक्सच्या चिन्हावर राइट-क्लिक करा, 'कनेक्ट युजिंग', मग 'ॲक्सेस पॉइंट'. ती खिडकी उघडल्यावर वर एक हिरवी पट्टी सरकत राहते आणि चिन्हं दिसेपर्यंत नुसतं बघत बसायचं. दिवसातून चार वेळा हे करून बघा, म्हणजे मी का चिडलोय ते कळेल. लिनक्सची बाजू सात महिन्यांत एकदाही पडलेली नाही. एकदा जोडली की आपण तोडेपर्यंत जोडणी तासन् तास टिकते, याचंच जास्त वाईट वाटतं. विंडोजने अवघड काम उत्तम केलंय आणि सोपं काम तसंच सोडून दिलंय.

त्या तुटलेल्या बॅकअपनंतर दोन बदल केले. चार्जर लावलेला असताना स्लीप बंद केलं. आणि फोल्डर ओढून टाकण्याऐवजी रोबोकॉपी ही विंडोजमधली कॉपी करायची कमांड वापरायला लागलो, 'झेड' पर्याय लावून, म्हणजे फाइल जिथे तुटली तिथून पुढे सुरू होते. काल रात्री केबलला धक्का लागून जोडणी गेली. सकाळी काळ्या खिडकीत 30 सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करतोय अशा ओळी एकाखाली एक साचल्या होत्या. राइट-क्लिक, 'कनेक्ट युजिंग', 'ॲक्सेस पॉइंट' केलं, आणि मी कशालाही हात न लावता 62 टक्क्यांवर अडलेली फाइल 63 वर गेली.